मेल नम्र असूनही 'अनक्लिअर' का वाटतो?

प्रश्न: मॅडम, मी डोंबिवलीला राहते आणि ऐरोलीतल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत प्रोजेक्ट कोऑर्डिनेटर आहे. आमचे काही इंजिनियर जर्मनीत, क्लायंट जपानी आणि माझा मॅनेजर अमेरिकेत. मेल मी शक्य तितक्या नम्रपणे लिहिते. तरी यंदाच्या अप्रेझलमध्ये 'कम्युनिकेशन अनक्लिअर' असा शेरा आला. जर्मन सहकारी एका ओळीत उत्तर देतात, ते चिडलेत का तेही कळत नाही. जपानी क्लायंट 'आम्ही विचार करू' म्हणतात आणि पुढे काहीच हलत नाही. माझा एक मेल सोबत देत आहे. माझं काय चुकतंय? मॅनर्स नव्याने शिकायला हवेत का?

उत्तर:

मॅनर्स तुला येतात. तुझा मेल मी नीट वाचला. त्यात 'डिअर सर' आहे, तब्येतीची चौकशी आहे, दोनदा माफी आहे, शेवटी 'काइंडली डू द नीडफुल' आहे. फक्त टेस्ट रिपोर्ट शुक्रवारी मिळणार की नाही, हे कुठेच नाही. 'वुई विल ट्राय अवर बेस्ट टु शेअर बाय फ्रायडे' एवढ्यावर विषय संपतो.

हाच मेल ऐरोलीतल्या शेजारच्या टेबलावर गेला असता तर काही बिघडलं नसतं. तिथल्या माणसाला माहीत असतं की सर्व्हर दोन दिवस बंद होता, टेस्टिंगचा मुलगा बहिणीच्या लग्नाला साताऱ्याला गेलाय, आणि 'ट्राय करते' म्हणजे आता सोमवारीच बघू. जर्मनीतल्या इंजिनियरला यातलं काही दिसत नाही. तो 'फ्रायडे' वाचतो, शुक्रवारची दुपार रिपोर्टसाठी मोकळी ठेवतो, आणि रिपोर्ट आला नाही की त्याच्या लेखी तू दिलेला शब्द मोडलेला असतो. दोनदा मागितलेल्या माफीने त्याची दुपार परत येत नाही.

अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ एडवर्ड टी. हॉल यांनी १९७६ मध्ये एक मांडणी केली. काही समाजांत बोलण्याचा बराचसा अर्थ नात्यात, प्रसंगात, न बोललेल्या गोष्टींत असतो. काही समाजांत तो शब्दांतच घालावा लागतो. जपान त्यांनी पहिल्या टोकाजवळ ठेवलं, जर्मन भाषक दुसऱ्या. आपण बरेचसे जपानच्या बाजूचे. पण मेलमध्ये चेहरा नाही, आवाज नाही, चहाच्या टपरीवर नंतर होणारा खुलासा नाही. त्यामुळे माझं तुला एकच सांगणं आहे: परक्या माणसाचा मान राखायचा असेल तर त्याला अंदाज बांधायला लावू नकोस. काय होणार, काय होणार नाही, कोण करणार, कधी करणार, हे त्याला तुझ्याकडून मिळालं पाहिजे.

यातलं सगळ्यात अवघड काम नकार लिहिण्याचं, म्हणून त्यावर थोडी थांबते. मुंबईत मी अनेक मुलामुलींना मेल लिहायला शिकवलं आहे. त्यांच्या मेलमधलं इंग्रजी सुधारायला वेळ लागत नाही. 'नाही' लिहायला मात्र हात धजत नाही. लहानपणापासून मोठ्यांना तोंडावर नाही म्हणायचं नाही, पाहुण्याला नाही म्हणायचं नाही, असंच आपण शिकलो. मग ऑफिसात 'बघते', 'होऊन जाईल', 'ऑलमोस्ट डन' असे शब्द येतात. ही फसवणूक नाही, समोरच्याचं मन सांभाळणं आहे, हे मला ठाऊक आहे. पण ते सांभाळणं समुद्रापलीकडे पोचत नाही. तिकडे पोचते ती फक्त चुकलेली तारीख.

तुझाच मेल मी असा लिहिला असता. मराठीत देते, इंग्रजी तू कर:

'टेस्ट रिपोर्ट शुक्रवारी पूर्ण होणार नाही. पहिल्या तीन मॉड्यूलचा रिपोर्ट शुक्रवार, १२ जुलैला भारतीय वेळेनुसार संध्याकाळी ५ पर्यंत पाठवते. उरलेल्या दोन मॉड्यूलचा मंगळवार, १६ जुलैला मिळेल. सर्व्हर दोन दिवस बंद राहिल्यामुळे हा उशीर झाला, त्याबद्दल क्षमस्व. तुमची सोमवारची बैठक पूर्ण रिपोर्टवर अवलंबून असेल तर बुधवारी दुपारपर्यंत कळवा. मग कोणतं मॉड्यूल आधी घ्यायचं ते मी बदलून घेते.'

नकार पहिल्याच वाक्यात आहे. माफी एकदाच आहे, कारण एका ओळीत आहे, आणि शेवटी समोरच्याच्या हातात एक निर्णय दिला आहे. हा मेल मंगळवारी जायला हवा. शुक्रवारी संध्याकाळी पाठवलास तर त्यातल्या स्पष्टपणाचा कुणाला काही उपयोग नाही, कारण त्याला हालचाल करायला वेळच उरत नाही. वाईट बातमी लवकर दिली की ती नियोजनाचा भाग होते. उशिरा दिली की तक्रारीचा. आणि नकार कळवण्याआधी तुझ्या टीम लीडला विचारून घे. कोऑर्डिनेटरच्या हुद्द्यावरून परस्पर 'होणार नाही' कळवणं आपल्या ऑफिसांत अंगाशी येऊ शकतं.

'ऑलमोस्ट डन' तर कायमचं सोडून दे. त्याऐवजी काय उरलंय ते लिही: 'पाचपैकी चार झाले, पाचव्याचं रिव्ह्यू बाकी आहे.' हे वाचल्यावर कुणी उलट मेल करून विचारत नाही.

पावसाचंही तसंच. जुलैमध्ये 'ड्यू टु हेवी रेन्स' एवढं लिहून आपण मोकळे होतो. आपल्याला २६ जुलै २००५ आठवतो, सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता. युरोपातल्या माणसाला पाऊस म्हणजे छत्री घेऊन बाहेर पडायचं निमित्त. त्याला लिहायचं ते असं: 'मध्य रेल्वे बंद आहे. सहापैकी चारजण ऑफिसला पोचू शकत नाहीत, त्यातले दोघे घरून काम करत आहेत. आजचा बिल्ड उद्या सकाळी जाईल, बाकी काम वेळेत आहे.' पावसाचं वर्णन नको, कामावर झालेला परिणाम हवा.

आता जर्मनांच्या एका ओळीबद्दल. 'धिस इज नॉट करेक्ट. प्लीज चेक टेबल ३.' असा मेल आला की आपल्या पोटात गोळा येतो. रागावले असते तर त्यांनी बहुधा तेही स्पष्टच सांगितलं असतं. टेबल ३ चुकलंय, एवढंच त्यांनी लिहिलं आणि ते पुढच्या कामाला लागले. कामातली चूक दाखवणं आणि माणसाचा अपमान करणं या तिथे बऱ्यापैकी वेगळ्या गोष्टी मानतात. तू टेबल तपास, 'दुरुस्त केलं, सुधारित फाइल जोडली आहे' एवढंच लिही. लांबलचक स्पष्टीकरण गेलं तर मूळ दुरुस्ती कुठे आहे ते शोधत बसावं लागतं. एक मात्र सांभाळ: पहिल्या मेलमध्ये आडनावाने संबोधायचं, नावापुढे डॉक्टर असेल तर तेही लिहायचं. त्यांनी सहीत नुसतं पहिलं नाव लिहायला सुरुवात केली की तूही पहिल्या नावावर ये. आणि 'डिअर सर' टाळच. तो मेल एखाद्या बाईंकडे गेला असेल तर? नाव माहीत असताना 'सर' लिहिलं तर नाव वाचायचीही तसदी घेतली नाही असा त्याचा अर्थ होतो.

जपानकडे वळलं की सगळं उलटं होतं. तिथे आपणच जास्त स्पष्ट ठरतो. 'आम्ही विचार करू', 'हे थोडं कठीण आहे' अशा उत्तरांत बऱ्याचदा नकार किंवा निदान मोठी अडचण असते. 'कठीण' वाचून आपण उत्साहाने उपाय सुचवायला लागतो आणि समोरचा अधिकच अवघडतो. दुसरी शक्यता अशी की विचार खरोखरच चालू आहे. जपानी कंपन्यांत औपचारिक बैठकीआधी संबंधित प्रत्येकाशी वेगवेगळं बोलून सहमती तयार करण्याची पद्धत आहे, तिला 'नेमावाशी' म्हणतात. त्याला वेळ लागतो, आणि मेलवर रोज 'एनी अपडेट?' विचारून तो कमी होत नाही. तू असं विचार: 'निर्णयासाठी आमच्याकडून आणखी कोणती माहिती लागेल का? १९ तारखेपर्यंत निर्णय झाला नाही तर आम्ही जुन्या डिझाइनवर काम सुरू ठेवू, ते चालेल का?' त्यांच्यावर 'हो' किंवा 'नाही' लिहिण्याची सक्ती होत नाही आणि तुझं काम अडत नाही. शक्य असेल तर हाच प्रश्न आधी त्यांच्यातल्या तुझ्या जवळच्या संपर्काला एकट्याला विचार. दहाजण सीसीत असताना विचारलेल्या प्रश्नाला मोकळं उत्तर मिळणं अवघड.

जपानी ऑफिसांत 'होरेनसो' म्हणून एक शिस्त शिकवतात: अहवाल देणं, कळवत राहणं, सल्ला घेणं. म्हणून सांगण्यासारखं काही घडलं नसेल तरी 'काम ठरल्याप्रमाणे चालू आहे, पुढची माहिती गुरुवारी देते' असा दोन ओळींचा मेल त्यांना आवडतो. तोच मेल जर्मन सहकाऱ्याला रोज गेला तर त्याला तो गर्दी वाटेल. आडनावानंतर 'सान' लाव, स्वतःच्या नावानंतर मात्र कधीही नाही. आणि सीसीत नावं घालताना वरिष्ठ आधी, हा क्रम तिथे पाहिला जातो.

तुझा अमेरिकन मॅनेजर पहिल्याच दिवशी 'कॉल मी' म्हणून पहिल्या नावाने हाक मारायला सांगेल, प्रत्येक मेलमध्ये 'ग्रेट जॉब' लिहील. तो मोकळेपणा खरा असतो. पण त्या मेलमधली 'वन थॉट' किंवा 'यू माइट वॉन्ट टु' अशी ओळ शोध. पुष्कळदा तीच सूचना असते, आणि ती ऐच्छिक नसते. 'अनक्लिअर' हा शेरा अप्रेझलमध्ये आला म्हणजे त्याआधी अशा दोन-तीन हळुवार ओळी येऊन गेल्या असण्याची शक्यता मोठी आहे. मागचे मेल उघडून बघ.

हे सगळं देशाच्या नावाने सांगते आहे, पण देशाचं लेबल पहिल्या मेलपुरतंच वापर. बर्लिनच्या स्टार्टअपमधली तरुणी आणि बव्हेरियातल्या जुन्या घराण्याच्या कारखान्यातला व्यवस्थापक सारखं लिहीत नाहीत. झवेरी बाजारातला व्यापारी आणि बीकेसीतला बँकर तरी कुठे सारखं लिहितात? त्या माणसाचे तीन मेल आले की तो अभिवादन कसं करतो, किती लिहितो, कधी उत्तर देतो, हे दिसायला लागतं. मग देश विसरायचा आणि माणूस वाचायचा.

नावांवरून होणारे घोळ मात्र देशानुसारच समजून घ्यावे लागतात. जपानी, चिनी, कोरियन आणि हंगेरियन नावांत आडनाव आधी येतं, पण परदेशी पत्रव्यवहारात काहीजण ते उलटून लिहितात. व्हिएतनाममध्ये माणसाला शेवटच्या नावाने हाक मारतात, कारण तेच त्याचं स्वतःचं नाव असतं. आपल्याच ऑफिसातल्या तमिळ सहकाऱ्याला अनेकदा आडनाव नसतं, आद्याक्षर वडिलांचं असतं. सिस्टीमने बळजबरीने पाडलेल्या 'लास्ट नेम'ने त्याला हाक मारली तर आपण त्याच्या वडिलांना हाक मारतो. शंका असेल तर विचारावं. 'तुम्हाला कसं संबोधू?' या प्रश्नाने कुणी दुखावल्याचं मी पाहिलेलं नाही. आणि तुझं नाव ऐकून तू स्त्री की पुरुष हे त्यांनाही कळत नसेल, तर सहीत 'मिस' लिहून त्यांचाही प्रश्न सोडव.

तारखा आणि आकडे. ०६/०७ म्हणजे आपल्याला ६ जुलै, अमेरिकेला ७ जून. म्हणून महिना नेहमी अक्षरात. फाइलच्या नावात वर्ष-महिना-दिवस हा क्रम ठेव. तो आयएसओ ८६०१ या मानकाचा आहे आणि जपानी लोकांना तो सवयीचाच आहे. लाख-कोटी बाहेर कळत नाहीत, १५,००,००० मधले स्वल्पविरामही गोंधळात टाकतात. जर्मनीत तर पूर्णविराम आणि स्वल्पविराम यांची कामं उलटी आहेत: आपण २.५०० लिहिलं की तिथे ते अडीच हजार होतात. कोटेशन पाठवताना याचा अर्थ काय होऊ शकतो, ते तूच बघ.

वेळ लिहिताना नुसतं 'आयएसटी' लिहू नकोस. आयर्लंड आणि इस्रायलच्या वेळाही त्याच अक्षरांनी ओळखल्या जातात. 'ईओडी'ही नको, कुणाच्या दिवसाचा शेवट? उन्हाळ्यात जर्मनी आपल्या साडेतीन तास मागे आणि टोकियो साडेतीन तास पुढे असतं, म्हणून आपले दुपारचे साडेबारा ही तिघांची सोयीची वेळ: तिकडे सकाळचे ९, टोकियोत दुपारचे ४. हिवाळ्यात जर्मनी साडेचार तास मागे जातं, मग कॉल दीडला ठेवावा लागतो. अमेरिकेतली घड्याळं मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे जातात, युरोपातली शेवटच्या रविवारी. मधल्या आठवड्यांत तिन्ही देशांच्या कॉलचे हमखास घोळ होतात. ते आठवडे कॅलेंडरवर आधीच खूण करून ठेव.

सीसीबद्दल आपल्याकडे मनात फार साचलेलं असतं. साहेबांना सीसीत घातलं म्हणजे तक्रार केली, असा अर्थ मुंबईच्या ऑफिसांत सहज काढला जातो, आणि कधीकधी तो खरा असतो. जपानमध्ये वरिष्ठाला सीसीत न घालणं हाच उपमर्द ठरू शकतो. म्हणून कुणाला नव्याने घालताना कारण एका वाक्यात लिही: 'बजेटचा प्रश्न असल्यामुळे अमुक यांना सीसीत घेत आहे.' पुढे गैरसमजाला जागा राहत नाही. एखादा वाद दोन मेलमध्ये मिटला नाही तर तिसरा मेल लिहू नकोस. फोन कर, आणि काय ठरलं ते चार ओळींत मेलवर पाठव.

चॅटवर नुसतं 'हाय' टाकून उत्तराची वाट बघत बसू नये. आपल्याला ते दार वाजवण्यासारखं वाटतं. समोरच्याला मात्र हातातलं काम थांबवून पुढचा मेसेज येईपर्यंत ताटकळावं लागतं. अभिवादन आणि प्रश्न एकाच मेसेजमध्ये दे. आणि व्हॉट्सअॅपवर किंवा मेलवर लिहिलेलं कच्चं असतं, खरं ते सहीच्या कागदावरचं, हा समज सोड. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ट्रायमेक्स विरुद्ध वेदांत या प्रकरणात ई-मेलवर झालेल्या देवाणघेवाणीतून वैध करार होऊ शकतो असं ठरवलं. रीतसर करारपत्रावर सही झालेली नव्हती, तरीही. २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका प्रकरणात व्हॉट्सअॅपवर पाठवलेली नोटीस बजावली गेली असं मानलं, कारण ती पोचल्याच्या आणि उघडल्याच्या खुणा दिसत होत्या. म्हणून क्लायंटच्या नव्या मागणीला सौजन्य म्हणून 'शुअर, नो प्रॉब्लेम' लिहिण्याआधी थांब. 'मागणी मिळाली, खर्च आणि वेळ तपासून सोमवारी कळवते' हे तेवढंच सौजन्याचं आहे आणि कंपनीला बांधून घालत नाही.

रात्री साडेअकराला मेल पाठवणं आपल्याकडे मेहनतीची खूण समजतात. युरोपात ती तशी वाचली जात नाही. फोक्सवागनने २०११ मध्ये जर्मनीतल्या अनेक कर्मचाऱ्यांच्या कंपनी फोनवर कामाची वेळ संपल्यानंतर मेल पोचवणं थांबवलं. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०१७ पासून, पन्नास किंवा त्याहून अधिक कर्मचारी असलेल्या कंपन्यांना कामाबाहेरच्या वेळेत संपर्क तोडण्याच्या हक्काबद्दल वाटाघाटी कराव्या लागतात. तू रात्री लिहीत असशील तर लिही, पण मेल त्यांच्या सकाळी ९ ला जाईल असा लावून ठेव. आणि अशी मोकळीक तुलाही मागता येते. अमेरिकेच्या कॉलसाठी रात्री दहापर्यंत थांबत असशील तर सकाळी तू किती वाजल्यापासून उपलब्ध आहेस, ते सहीखाली लिहून टाक. लिहिलेल्या वेळेचा मान बहुतेक लोक राखतात. न लिहिलेली वेळ त्यांना कळणार कशी?

हल्ली मुलं मेल एआयकडून गुळगुळीत करून घेतात. व्याकरणासाठी घ्यावं, क्लायंटची माहिती त्यात टाकू नये, आणि परत आलेला मेल लांबला असेल तर निम्मा करावा. शुक्रवारी रिपोर्ट मिळणार की नाही, हे त्या यंत्राला माहीत नाही. ते तुलाच लिहायचं आहे.

मॅनर्स नव्याने शिकायला हवेत का, असं विचारलंस. ऑक्टोबर १९९५ मध्ये इंटरनेटवरच्या शिष्टाचाराचा एक मार्गदर्शक दस्तऐवज निघाला, आरएफसी १८५५ नावाचा. त्याच वर्षी १५ ऑगस्टला व्हीएसएनएल या सरकारी कंपनीने मुंबईसह काही शहरांत सामान्य लोकांसाठी इंटरनेट सुरू केलं होतं. वाचणाऱ्याची संस्कृती, भाषा आणि विनोद आपल्यापेक्षा वेगळे असतात, तारखा, मापं आणि वाक्प्रचार दुसरीकडे नीट पोचतीलच असं नाही, उपरोध जपून वापरावा, हे त्यात तेव्हाच लिहिलेलं आहे. फुकट मिळतो, वाचायला सोपा आहे. एक तास काढ.

अप्रेझलच्या शेऱ्याचं मात्र या आठवड्यातच काहीतरी कर. मॅनेजरला लिही: 'तुम्हाला अस्पष्ट वाटलेले माझे दोन मेल दाखवाल का? त्यात तुम्हाला काय शोधावं लागलं ते सांगा.' वाद घालायचा नाही, नुसतं ऐकून घ्यायचं. तो दाखवेल ते मेल माझ्या अंदाजाशी जुळले नाहीत, तर त्याचं म्हणणं धर. आणि गणपतीची सुट्टी घेणार असशील तर तोही मेल आताच पाठव: कोणत्या तारखा, त्या काळात तुझं काम कोण बघेल, आणि कोणती डिलिव्हरी त्याआधी पूर्ण करून देतेस. त्यांच्या कॅलेंडरवर आपले सण छापलेले नसतात.